‘तोच’ आणि ‘तसाच’ : ग्राहकांच्या प्रातिनिधिक दाव्यातील एक अर्थप्रश्न

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ याच्या कलम ३५ मध्ये अशी तरतूद आहे की, एकच हितसंबंध असलेले ग्राहक जेथे बहुसंख्य असतील तेथे त्यांपैकी एकास वा अनेकांस, आयोगाच्या अनुमतीने, सर्वांच्या वतीने किंवा सर्वांच्या लाभासाठी तक्रार दाखल करता येते. अमेरिकेत ज्यास ‘क्लास ॲक्शन’ म्हणतात त्याचेच हे भारतीय भावंड. १९८६ च्या अधिनियमातही ते कलम १२ मध्ये होते. मूळ इंग्रजी पाठात हितसंबंधाला ‘सेम’ हे विशेषण लावलेले आहे, आणि सदोष वस्तूंविषयीच्या सामूहिक दाव्यांचे भवितव्य पुष्कळ अंशी या एका विशेषणाच्या अर्थावर अवलंबून राहिले आहे. भाषेच्या अभ्यासकाने न्यायशास्त्राच्या प्रांतात पाऊल टाकावयाचे ते एवढ्याच आधारावर.

इंग्रजीतील ‘सेम’ दोन निरनिराळ्या संबंधांना लागू पडतो. मराठीत त्यांसाठी ‘तोच’ आणि ‘तसाच’ असे दोन शब्द आहेत. काल खाल्लेला आंबा आज पुन्हा खाता येत नाही. फार तर ‘तसाच’ आंबा खाता येतो. परंतु ‘तुझ्याकडे आहे तोच कुकर माझ्याकडेही आहे’ हे वाक्य कोणासही खटकत नाही. वस्तू दोन असूनही येथे ‘तोच’ चालतो, कारण आपल्या मनात धातूचे ते विशिष्ट भांडे नसून कारखान्यातील त्याचा नमुना असतो. यंत्रोत्पादित वस्तूला अशा रीतीने दुहेरी ओळख प्राप्त होते : नमुना म्हणून ती एक, नग म्हणून ती अनेक. ‘समान’ हा संस्कृत शब्द योजून आपण कायद्याचा उल्था करतो खरा, पण त्यामुळे मराठीला सहज साधणारा हा भेद झाकला जातो.

हा भेद केवळ कोशकारांच्या कामाचा नाही. सदोष वस्तूमुळे झालेल्या इजेबद्दल उत्पादकाला जबाबदार धरण्याची कल्पना आधुनिक आहे. पूर्वी ज्याच्याशी करार झाला त्यालाच जाब विचारता येई. स्कॉटलंडमधील पेझली येथे १९२८ साली जिंजर बिअरच्या बाटलीत गोगलगाय निघाल्याची तक्रार झाली. बाटली पिणारीने नव्हे, तर तिच्या मैत्रिणीने विकत घेतली होती. म्हणजे दुकानदाराशीदेखील तिचा करार नव्हता. अशा स्थितीतही उत्पादकावर काळजी घेण्याचे कर्तव्य असू शकते, असा निर्णय १९३२ साली ब्रिटिश उमरावसभेने ‘डॉनह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन’ या प्रकरणात दिला. पुढे १९६३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘ग्रीनमन’ प्रकरणात निष्काळजीपणा सिद्ध करण्याची अटही काढून टाकली. भारतात उत्पादन-दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण मात्र २०१९ च्या अधिनियमातच प्रथम आले व ते २०२० च्या जुलैपासून अमलात आले.

या प्रकरणातील कलम ८४ आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. त्यात उत्पादकाच्या दायित्वाची जी कारणे दिली आहेत त्यांत आराखड्यातील दोष, उत्पादनप्रक्रियेतील दोष आणि योग्य वापराच्या सूचनांचा वा इशाऱ्याचा अभाव ही येतात. आराखड्यातच दोष असेल तर तो प्रत्येक नगात ‘तोच’ असतो. वेष्टनावर इशारा छापलेला नसेल तर तो कोणत्याच वेष्टनावर नसतो. उलट, एखाद्या नगाचे झाकण नीट बसवले गेले नाही, तर तो दोष त्या नगापुरता राहतो. दुसऱ्यात फार तर ‘तसाच’ आढळेल. सामूहिक दाव्यास कोणते प्रकरण योग्य आणि कोणते अयोग्य, याचे अर्धे उत्तर या विभागणीतच आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

उरलेले अर्धे उत्तर इजेकडून येते, आणि तेथे न्यायालयांची ओढाताण दिसते. इंग्लंडमध्ये १९१० साली ‘मार्क्ट’ प्रकरणात, बुडालेल्या एकाच जहाजावर माल चढविणाऱ्या व्यापाऱ्यांचे करार वेगवेगळे म्हणून त्यांना प्रातिनिधिक दावा नाकारण्यात आला. भारतात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १, नियम ८ ला १९७६ च्या दुरुस्तीने एक स्पष्टीकरण जोडण्यात आले : हितसंबंध एक असावा, परंतु दाव्याचे कारण एकच असण्याची आवश्यकता नाही. तमिळनाडू गृहनिर्माण मंडळाच्या प्रकरणात (१९९०) सर्वोच्च न्यायालयाने याच मार्गाने जाऊन, प्रत्येक घरमालकावरची मागणी स्वतंत्र असूनही सर्वांचा दावा एकत्र चालू दिला. आमच्या परिभाषेत सांगावयाचे तर, कारणे ‘तशीच’ असली तरी चालतील, हितसंबंध मात्र ‘तोच’ हवा.

परंतु तो ‘तोच’ आहे हे दाखवावयाचे कोणी? २०२१ च्या ‘ब्रिगेड’ प्रकरणात १,१३४ सदनिकांच्या संकुलातील ५१ सदनिकांचे ९१ खरेदीदार सर्वांच्या वतीने आले होते. उरलेल्यांचाही हितसंबंध एकच आहे हे तक्रारीत पुरेसे मांडलेले नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आणि ती तक्रार त्या ९१ जणांची संयुक्त तक्रार म्हणून चालविण्यास मोकळीक दिली. वाद घरांचा असला तरी कलम तेच, म्हणून सदोष वस्तूंच्या तक्रारींनाही ही कसोटी लागू होते.

अमेरिकेत १९६६ साली नियम २३ ची पुनर्रचना होऊन नुकसानभरपाईच्या दाव्यांत सामाईक प्रश्नांचे वैयक्तिक प्रश्नांवर प्राबल्य असावे अशी अट आली. ‘ॲमकेम’ प्रकरणात (१९९७) ॲस्बेस्टॉसच्या संपर्कात आलेल्यांचा प्रचंड वर्ग याच अटीवर फुटला. कोणाचा संपर्क दीर्घ, कोणाचा अल्प, उत्पादने निराळी, काही रोगग्रस्त, तर काहींना अद्याप कोणताही त्रास नाही. पदार्थ तोच, पण इजा तशीदेखील नाही.

आपल्याकडे ही अडचण टाळणारी एक वाट आहे : ‘सर्वसाधारण ग्राहकांच्या’ हितासाठी शासनाने स्वतः तक्रार करणे. मॅगी नूडल्सच्या प्रकरणात तिचा अवलंब झाला. ५ जून २०१५ रोजी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने घातलेली बंदी मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑगस्टला रद्द केली. त्याच महिन्यात केंद्र सरकारने राष्ट्रीय आयोगापुढे सुमारे ६४० कोटी रुपयांची मागणी केली. शिशाच्या प्रमाणाबरोबर तेथे वेष्टनावरील एका विधानाचाही वाद होता. ‘वेगळे घातलेले नाही’ असे म्हटल्याने ‘मुळात नाही’ असा अर्थ ग्राहकाच्या मनात उतरतो काय, हा प्रश्न निखळ अर्थविचाराचा आहे, आणि छापील विधान सर्व पाकिटांवर एकच असल्यामुळे सामूहिक तक्रारीला तो शोभणाराही होता. आयोगाने ही तक्रार एप्रिल २०२४ मध्ये फेटाळली.

दुसरी वाट केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची. कलम २० अन्वये त्यास धोकादायक वस्तू बाजारातून परत घेण्याचा आदेश देता येतो. अनिवार्य प्रमाणचिन्ह नसलेले २,२६५ प्रेशर कुकर एका ऑनलाइन बाजारातून विकले गेले, तेव्हा सर्व खरेदीदारांना कळवून ते परत घ्यावेत व किंमत परत करावी, असा आदेश प्राधिकरणाने २०२२ मध्ये काढला. येथे कोणाला किती भाजले हे विचारण्याचे प्रयोजनच नव्हते. चिन्हाचा अभाव प्रत्येक कुकरावर तोच होता. मात्र कुकर फुटून ज्याला खरोखर इजा झाली असेल, त्याला आपल्या औषधपाण्याच्या पावत्या घेऊन आजही एकट्यानेच आयोगापुढे उभे राहावे लागते.