अडगळीतून परतलेलं कोलिस्टिन

अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर असलेल्या रुग्णाला क्लेबसिएला किंवा अ‍ॅसिनेटोबॅक्टरचा संसर्ग होतो. कल्चरच्या अहवालात एकेका प्रतिजैविकापुढे ‘आर’, म्हणजे ‘रेझिस्टंट’, असा शेरा पडत जातो. अशा वेळी डॉक्टरांच्या हाती जी मोजकी इंजेक्शनं उरतात, त्यांत कोलिस्टिन असतं. ते काही नवं औषध नाही. १९४०च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये एका जिवाणूपासून ते मिळालं. पण ते मूत्रपिंडांना इजा करतं, मज्जासंस्थेलाही त्रास देतं. त्यामुळे तुलनेने सुरक्षित प्रतिजैविकं आल्यावर १९७०च्या दशकात ते मागे पडलं. पुढे त्या औषधांना जिवाणू दाद देईनासे झाले, तेव्हा कोलिस्टिनची पुन्हा आठवण झाली.

क्लेबसिएला, अ‍ॅसिनेटोबॅक्टर यांसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंना एक जादा बाह्य आवरण असतं. त्यावरचे ऋणभारित रेणू कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे एकत्र बांधलेले असतात. धनभारित कोलिस्टिन या दोघांना हुसकावून त्यांची जागा घेतं. मग आवरण फाटतं आणि जिवाणू मरतो.

आतड्यातून हे औषध रक्तात जवळपास उतरतच नाही, म्हणून रक्तातल्या संसर्गासाठी ते शिरेतून द्यावं लागतं. इंजेक्शनात असतं त्याचं निष्क्रिय रूप. शरीरात गेल्यावर त्याचं हळूहळू कोलिस्टिन होतं. पुरेशी पातळी गाठायला वेळ लागू नये म्हणून पहिला डोस मोठा देतात. पुढचे डोस मूत्रपिंडांची क्षमता पाहून ठरतात, आणि ती क्षमता दाखवणाऱ्या रक्तातल्या क्रिएटिनिनवर सतत लक्ष ठेवावं लागतं.

माणसांच्या उपचारांत मागे पडलेलं हे औषध जनावरांना मात्र सर्रास दिलं जात होतं, कोंबड्या-डुकरांच्या खाद्यातूनसुद्धा. त्या पार्श्वभूमीवर २०१५मध्ये चीनमधल्या शास्त्रज्ञांनी एमसीआर-१ या जनुकाची माहिती प्रसिद्ध केली. हे जनुक जिवाणूच्या आवरणावरचा ऋणभार कमी करतं, त्यामुळे कोलिस्टिनची पकड सुटते. शिवाय ते प्लाझ्मिडवर, म्हणजे जिवाणूतल्या डीएनएच्या सुट्या तुकड्यावर, असल्याने एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जातं. भारताने २०१९मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांमध्ये, कोंबड्यांमध्ये आणि मत्स्यशेतीत कोलिस्टिनवर बंदी घातली.

जागतिक आरोग्य संघटनेने कोलिस्टिन प्रतिजैविकांच्या ‘रिझर्व्ह’ गटात ठेवलं आहे. ते खरोखर राखीव राहायचं, तर कल्चरसाठी नमुना प्रतिजैविकाच्या पहिल्या डोसाआधी घ्यायला हवा, आणि कमी घातक औषध लागू पडतंय असं अहवालात दिसलं की कोलिस्टिन थांबवायला हवं.