शिंपल्यांच्या खिडक्या

बाहेर टळटळीत दुपार असते. गोव्यातल्या जुन्या घराची खिडकी लावलेली असते, तरी दिवा लावावा लागत नाही. कारण चौकटीत फळी नसते आणि काचही नसते, शिंपले असतात. कोकणीत त्यांना ‘कार्पां’ म्हणतात. खाडीच्या गाळातला हा चपटा, अर्धपारदर्शक शिंपला चौकोनी कापून लाकडी पट्ट्यांच्या खाचांत एकाशेजारी एक सरकवतात. आत येणारा उजेड दुधाळ असतो आणि डोळ्यांवरची तिरीप बाहेरच राहते. काच महाग होती त्या काळातला हा तोडगा.

ज्यांना सरसकट ‘पोर्तुगीज घरं’ म्हटलं जातं, त्यांत पोर्तुगीज नेमकं किती? भिंती जांभ्याच्या, गोव्याच्या बोलीत चिऱ्यांच्या. गिलावा चुन्याचा. कौलं बहुधा मंगळुरी. बासेल मिशनने 1865 साली मंगळुरात कारखाना काढला आणि ती किनारपट्टीभर पसरली. हिंदू घर आतल्या राजांगणाकडे तोंड करून बसायचं, तर ख्रिस्ती घराने दारापुढे बाकांचा ‘बाल्कांव’ काढून रस्त्याशी गप्पा सुरू केल्या. खरी आयात दिसते ती या मोकळेपणात.

ही घरं पडतात त्याला दरवेळी बिल्डरच कारण नसतो. पोर्तुगीज नागरी कायद्याचा वारसा गोव्यात आजही चालतो आणि त्यात मुलांइतकाच मुलींचाही वाटा असतो. हे न्यायाचंच आहे. पण तीन पिढ्यांत एका घराला डझनभर मालक होतात. कुणी मुंबईत, कुणी लिस्बनला. फुटकं कौल बदलायला सही कुणाची घ्यायची? तोवर वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पडणारा पाऊस थांबत नाही.

दुरुस्ती झालीच तर पुष्कळदा सिमेंटने होते. जांभा ओल पितो आणि चुन्याच्या गिलाव्यातून ती बाहेर सोडतो. सिमेंट तीच ओल आत कोंडतं, मग पोपडे धरतात. खिडकीचं दुखणं वेगळंच. या शिंपल्यांना आता वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे फुटलेल्या कार्पाला जोड शोधायची ती मोडीत निघालेल्या जुन्या खिडक्यांतच. सरकती अॅल्युमिनियमची खिडकी सहज मिळते.

जुन्या गोव्यातली चर्चं आणि कॉन्व्हेंट 1986 पासून जागतिक वारसा यादीत आहेत. राहत्या घरांना तसं कवच नाही. त्यांना जगवायचं तर ती वापरातच हवीत. चांदोरच्या ब्रागांझा घराने पाहुण्यांना दार उघडलं. पणजीच्या फोंतेन्हासमध्ये काही घरांची अतिथिगृहं झाली. काही जणांना हे बाजारीकरण वाटतं, पण रिकाम्या घरात वाळवी लागण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

याच फोंतेन्हासमध्ये आता ‘फोटो काढू नका’ अशा पाट्या दिसतात. रंगीत भिंतींपुढे पोझ देणाऱ्यांनी रहिवाशांना भंडावून सोडलं आहे. तिथे जाल तेव्हा कुणाच्या पायरीवर चढण्याआधी एवढं ध्यानात असू द्या, की आत कुणीतरी राहतं.