मोटारसायकल गिअरमध्यें सुरू होईना, तर?

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं मोटारसायकल असेल. भर चौकांत गाडी बंद पडावी, चालकानें क्लच दाबून स्टार्टरचें बटण दाबावें, तरी यंत्रानें हूं कीं चूं करूं नये. मागून भोंगे वाजूं लागावे. आणि न्यूट्रलमध्यें आणतांच तीच गाडी चटकन् सुरू व्हावी, हा अनुभव कांहींना आलाहि असेल. अशा वेळीं बॅटरीला बोल लावण्यापूर्वीं थोडा विचार केला, तर दोष कोठें आहे हें बहुधा घरच्या घरीं कळतें. तो विचार कसा करावा, हें येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम गाडीची रचना पाहूं. इंजिनाची शक्ति क्लचमधून गिअरपेटींत व तेथून मागील चाकास पोंचते. न्यूट्रलमध्यें गिअरपेटी व चाक ह्यांचा संबंध तुटतो. क्लच दाबला असतां इंजिन व गिअरपेटी ह्यांचा तुटतो. इंजिन सुरू करतांना ह्यांपैकीं एक तरी संबंध तुटलेला हवा. नाहीं तर गाडी जागच्या जागीं उडी घेईल.

कांहीं गाड्या मुळांतच गिअरमध्यें सुरू होत नाहींत. मद्रासेस 1955 सालीं एन्फील्ड इंडिया कंपनी निघाली. तिच्या जुन्या बुलेटमध्यें किकचा जोर गिअरपेटींतून व क्लचमधून इंजिनास मिळे. क्लच दाबला कीं तो जोर वाटेंतच खुंटे. म्हणून न्यूट्रलवांचून गत्यंतर नसे. त्यासाठीं त्या गाडीस न्यूट्रल शोधून देणारी एक निराळी लहान दांडीहि असे. उलट ज्या गाडींत किकचा जोर क्लचच्या बाहेरील पिंपावाटे थेट इंजिनास मिळतो, ती क्लच दाबून गिअरमध्येंहि सुरू होते. तेव्हां आपली गाडी कोणत्या जातीची आहे, हें आधीं पुस्तिकेंत पाहावें.

पुस्तिकेप्रमाणें गाडी गिअरमध्यें सुरू व्हावयास हवी, तरीहि बटण दाबल्यावर स्टार्टर मुळींच हलत नसेल, तर पहारेकरी स्विचांकडे वळावें. पुष्कळ आधुनिक गाड्यांत स्टार्टरच्या रिलेकडे जाणाऱ्या विजेस दोन वाटा असतात. गाडी न्यूट्रलमध्यें असली, तर न्यूट्रलचा स्विच वाट मोकळी करतो. गिअरमध्यें असली, तर क्लचच्या दांडीजवळील स्विच दबलेला हवा, व ज्या गाडीस साइड स्टँडचा स्विच आहे तींत स्टँडहि वर उचललेला हवा.

आतां अनुमान करावें. न्यूट्रलमध्यें गाडी सुरू होते, त्या अर्थीं बॅटरी, रिले, स्टार्टर व न्यूट्रलचा स्विच हीं सर्व निर्दोष आहेत. उरले दोघे: क्लचचा स्विच व स्टँडचा स्विच. क्लच हळूहळू दाबून पाहावा. पुष्कळ गाड्यांत स्विचाचा बारीक ‘टिक्’ आवाज येतो. तो येत नसेल, तर स्विच अडकला आहे किंवा दांडी त्याला पुरती टेकत नाहीं. स्टँडचा स्विच जमिनीलगत असल्यानें पावसाळ्यांत चिखलानें माखतो. तो पुसून, स्टँड दोन-चार वेळां वरखालीं करून पाहावा. दोहोंच्या तारांचे जोड सैल आहेत काय, हेंहि पाहावें. गाडी सुरू होऊन गिअर टाकतांच बंद पडत असेल, तर संशय प्रथम स्टँडच्या स्विचावर घ्यावा.

स्टार्टर फिरतो, परंतु जड फिरतो व गाडी पुढें सरकूं पाहते, असें झाल्यास दोष विजेचा नसून क्लचचा आहे. थंड सकाळीं दाट झालेल्या तेलानें क्लचच्या चकत्या एकमेकींस चिकटतात, अथवा केबल सैल पडल्यानें क्लच पुरता सुटत नाहीं. दांडीच्या टोंकाशीं मोकळी हालचाल बहुधा 10 ते 20 मिलिमीटर असावी; नेमका आंकडा पुस्तिकेंत सांपडेल.

ह्या परीक्षा करतांना गाडीच्या पुढें कोणीहि उभें नसावें, व ब्रेक दाबलेला असावा. एक गोष्ट मात्र कधींहि करूं नये. स्विच बिघडला म्हणजे त्याच्या दोन तारा जोडून ‘डायरेक्ट’ करून देण्याची युक्ति सुचविली जाते. तिनें गाडी त्या दिवशीं सुरू होते खरी. परंतु पुढें गिअरमध्यें उभ्या असलेल्या गाडीचें बटण घरांतील एखाद्या लहान मुलानें सहज दाबलें, तर ती त्याच्यासह भिंतीवर आदळेल. स्टँड खालीं राहिला असतां डावीकडे वळणारी गाडी त्याच स्टँडवर अडखळून उलथते. ज्या स्विचानें आपणांस चौकांत खोळंबून ठेविलें, तो ह्याच दोन अपघातांवर पहारा करीत असतो. म्हणून पालकांनीं तो दुरुस्त करून घ्यावा अथवा नवा बसवावा. आणि विद्यार्थ्यांनीं, आज गाडी चालविण्याचें वय झालें नसलें तरी, ती अडली म्हणजे कां अडली हें विचारण्याची संवय आतांपासूनच लावून घ्यावी.