हिलरी की ओबामा? तिकीट देणारे आपणच!

२००८ च्या सुरुवातीला इथे न्यू जर्सीत चार मराठी घरं कुठेही जमली, की सिडनी कसोटीतला वाद आणि पर्थचा विजय बोलून व्हायचा आणि मग गाडी एकाच स्टेशनवर येऊन थांबायची : हिलरी की ओबामा? मंगळवारी, ५ फेब्रुवारी २००८ ला, वीसहून अधिक राज्यांत एकाच दिवशी 'प्रायमरी' किंवा 'कॉकस' होती. या दिवसाला इथे 'सुपर ट्यूसडे' म्हणतात. पूर्वी न्यू जर्सीची पाळी जूनमध्ये यायची, तोपर्यंत बहुतेक वेळा निकाल लागलेला असायचा. त्या वर्षी राज्याने तारीख पुढे ओढली आणि आमच्या मताला एकदम भाव आला.

प्रायमरी म्हणजे काय, असं भारतातले नातेवाईक हमखास विचारतात. सोपं उत्तर म्हणजे तिकीटवाटप. आपल्याकडे निवडणूक आली, की इच्छुकांच्या मुंबई-दिल्ली वाऱ्या सुरू होतात आणि एबी फॉर्म कोणाच्या हातात पडणार, हे शेवटच्या रात्रीपर्यंत कळत नाही. मतदारासमोर येतो तो आयता उमेदवार. इथे पक्षाचा उमेदवार कोण, हेच आधी मतदार ठरवतो. आयोवासारख्या राज्यात तर तेव्हा हे जवळजवळ ग्रामसभेसारखं चालायचं. डेमोक्रॅटिक पक्षाचे लोक शाळेच्या हॉलमध्ये जमायचे, ज्याच्या त्याच्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उभे राहायचे आणि साधारण १५ टक्क्यांपेक्षा कमी माणसं असलेल्या गटाला दुसरीकडे जाता यायचं. आमच्याकडे मात्र नेहमीसारखं गुप्त मतदान असतं.

मतं थेट उमेदवाराच्या खात्यात जात नाहीत, त्यावरून पक्षाच्या अधिवेशनातले प्रतिनिधी ठरतात. २००८ मध्ये न्यू जर्सीतल्या डेमोक्रॅट मतदारांच्या हातात असे १०७ प्रतिनिधी होते आणि ते मतांच्या प्रमाणात वाटले जाणार होते. रिपब्लिकन पक्षात इथले सगळे ५२ प्रतिनिधी पहिल्या आलेल्यालाच मिळणार होते. शिवाय डेमोक्रॅटिक पक्षाकडे तेव्हा जवळपास ८०० 'सुपरडेलिगेट' होते. हे पक्षाचे खासदार, गव्हर्नर, पदाधिकारी, आणि ते तेव्हा आपल्या मर्जीने मत देत. म्हणजे 'हायकमांड' इथेही अगदीच नाही, असं नाही!

तोपर्यंत आयोवा ओबामांनी जिंकलं, न्यू हॅम्पशायर हिलरींनी आणि साउथ कॅरोलिना पुन्हा ओबामांनी. जॉन एडवर्ड्स यांनी ३० जानेवारीला माघार घेतली आणि लढत दोघांत उरली. रिपब्लिकनांमध्ये फ्लोरिडा जिंकून मकेन पुढे होते, रॉम्नी आणि हकबी अजून मैदानात होते.

मला हे सगळं त्या वर्षी जरा जास्तच जवळचं वाटलं. पुण्यातून कॉम्प्युटर इंजिनीअरिंग करून १९९५ मध्ये इथे एमएससाठी आलो. निघण्यापूर्वी त्या वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत एकदा मत दिलं होतं, त्यानंतर आजतागायत नाही. डिसेंबर २००७ मध्ये मी आणि बायकोने इथल्या नागरिकत्वाची शपथ घेतली. भारताचा पासपोर्ट गेला. ओसीआय कार्डावर भारतात कधीही जाता येतं, पण मत देता येत नाही. म्हणजे आता जे काही मत आहे, ते इथलंच. ते विचार करूनच टाकायला हवं.

आईने फोनवर पहिला प्रश्न विचारला, "अरे, यातला आपल्या लोकांच्या बाजूचा कोण?" हाच प्रश्न इथल्या मंडळींचाही असतो. वरवर पाहिलं तर उत्तर सोपं होतं. हिलरी तेव्हा सिनेटमधल्या 'इंडिया कॉकस'च्या सहअध्यक्ष होत्या. उलट ओबामांच्या प्रचारकांनी जून २००७ मध्ये एका टिपणात हिलरींचा उल्लेख 'पंजाबच्या डेमोक्रॅट' असा खोचकपणे केला होता. भारतीय चिडले, तेव्हा ती चूक असल्याचं ओबामांनी कबूल केलं. पण टिपणं आणि फोटो बाजूला ठेवून सिनेटमधली मतं बघा. नोव्हेंबर २००६ मध्ये भारताशी अणुसहकार्याचं विधेयक ८५ विरुद्ध १२ मतांनी मंजूर झालं, त्यात दोघंही बाजूने होते. अणुइंधनाचा साठा वाजवी गरजेपुरताच असावा, ही दुरुस्ती ओबामांची, हेही खरं. जून २००७ मध्ये इमिग्रेशन सुधारणांचं मोठं विधेयक कोसळलं, तेव्हाही दोघं ते पुढे नेण्याच्या बाजूने होते.

आणि आमची खरी रांग? एप्रिल २००७ मध्ये एच-१बीचा ६५ हजारांचा कोटा पहिल्याच दिवशी संपला. ग्रीन कार्डात एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतीयांची रांग वाढतच चालली आहे. प्रचारात 'इमिग्रेशन' म्हटलं, की चर्चा मेक्सिकोच्या सीमेची होते, या रांगेची नाही. तेव्हा 'आपल्या लोकांच्या' तराजूत दोन्ही पारडी जवळजवळ सारखीच राहत होती. त्या तराजूवर मत ठरवता येत नव्हतं.

फरक होता तो दोन गोष्टींत. पहिली, इराक. ऑक्टोबर २००२ मध्ये युद्धाला परवानगी देणाऱ्या ७७ सिनेटरांत हिलरी होत्या. ओबामा तेव्हा इलिनॉय राज्याच्या सिनेटमध्ये होते आणि त्याच महिन्यात शिकागोच्या सभेत त्यांनी या युद्धाला उघड विरोध केला. २००८ च्या सुरुवातीपर्यंत जवळजवळ ४,००० अमेरिकन सैनिक तिथे मेले होते, इराकी किती मेले त्याची तर गणतीच नव्हती. बायकोचं मत इथेच ठरलं. ती म्हणते, "परीक्षेच्या दिवशी ज्याचं उत्तर बरोबर आलं, त्याला मार्क द्यायचे." याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही.

दुसरी गोष्ट, आरोग्य विमा. त्या काळात अमेरिकेत ४ कोटी ७० लाख लोकांकडे तो नव्हता. हे आकडे आपल्यापासून लांब होते, असं समजू नका. आमच्यातले कितीतरी जण कॉन्ट्रॅक्टवर काम करतात. प्रोजेक्ट संपला, की कंपनीचा विमा संपतो. 'कोब्रा' कायद्याखाली तो साधारण दीड वर्ष चालू ठेवता येतो, पण कंपनी भरायची तो वाटाही आपल्याच खिशातून. बिल हातात आलं, की हे नाव का ठेवलं ते कळतं!

न्यू जर्सीत १९९३ पासून नियम आहे, की विमा कंपनीला आजारी माणसालाही वैयक्तिक पॉलिसी नाकारता येत नाही. नियम चांगला आहे, पण तेव्हा विमा घेण्याची सक्ती कोणावरच नव्हती. त्यामुळे धडधाकट तरुण बाहेर राहिले, आजारी लोक आत आले आणि हप्ते आभाळाला भिडले. गणपतीची वर्गणी फक्त महाप्रसादाला येणाऱ्यांनीच द्यायची, असं ठरलं तर मंडळ किती दिवस चालेल?

म्हणूनच मला हिलरींची योजना पटली. प्रत्येकाने विमा घ्यायचा, ज्याला परवडत नाही त्याला सरकारने मदत करायची. ओबामांच्या योजनेत ही सक्ती फक्त मुलांसाठी होती. लोकांकडे विमा नाही तो महाग आहे म्हणून, सक्ती नाही म्हणून नव्हे, असं ते तेव्हा म्हणत. मुद्दा वजनदार होता, आणि न घेणाऱ्याला दंड काय, हे हिलरी नीट सांगत नव्हत्या. पण सगळे आत आल्याशिवाय हप्ते उतरत नाहीत, हा धडा आमच्याच राज्याने तोपर्यंत पंधरा वर्षं गिरवला होता. गंमत म्हणजे सक्तीचा असा कायदा २००६ मध्ये मॅसेच्युसेट्समध्ये रिपब्लिकन गव्हर्नर रॉम्नी यांच्या सहीने झाला!

तेव्हा आमच्या घरातून एक मत हिलरींना आणि एक ओबामांना. "दोन्ही वाया," असं एक मित्र म्हणाला. वाया नाहीत. प्रतिनिधी प्रमाणात वाटले जाणार असल्याने दोन्ही मोजली जाणार होती. आईला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "मग आपल्या लोकांचं काय?" म्हटलं, "आई, विमा नसलेल्यांत आपले लोकही आहेत, आणि सैन्यात गेलेल्यांतही."

ज्यांना मत नाही, त्यांनीही हातावर हात ठेवून बसायला नको. ग्रीन कार्डवाल्यांना देणगी देता येते. एच-१बीवर देणगी देता येत नाही, पण विनामोबदला प्रचाराला मदत करता येते. जुलै २००७ मध्ये ग्रीन कार्डाचे अर्ज अचानक थांबवले, तेव्हा आपल्या मंडळींनी गांधीगिरी करत इमिग्रेशन खात्याच्या संचालकांना शेकडो पुष्पगुच्छ पाठवले होते. थोड्याच दिवसांत अर्ज पुन्हा घेतले गेले. त्यातल्या बहुतेकांना मत नव्हतं.

आणि ज्यांना आहे, त्यांच्यासाठी : न्यू जर्सीत मतदान सकाळी ६ ते रात्री ८. कुठल्याच पक्षात नाव नसेल, तर केंद्रावरच पक्ष सांगून मत देता येतं. प्रायमरीच्या आदल्या रात्री तासभर काढून उमेदवारांच्या योजना वाचा. नोव्हेंबरमध्ये समोर आयतं नाव असतं. ते कुठलं असावं, हे विचारायची वेळ प्रायमरीचीच असते.