मिटवण्याआधी हिशेब मांडा

आमच्या गोंदिया जिल्ह्यात दिवाळी सरली की गावोगाव मंडई भरते. धान कापणीला आलेलं असतं, लेकी माहेरी आलेल्या असतात, रात्री दंडार नाहीतर नाटक ठरलेलं असतं. याच दिवसांत मोहाची दारूही वाहते आणि पिणाऱ्यांच्या हातात गाड्याही असतात. २०२३ साली अशाच एका मंडईहून मी आणि माझी जाऊ रस्त्याच्या कडेनं घरी परतत होतो. मागून येणारा छोटा हत्ती टेम्पो रस्ता सोडून आमच्या अंगावर आला. जाऊबाई बाजूच्या धानाच्या बांधीत पडल्या म्हणून वाचल्या. माझा उजवा पाय चाकाखाली सापडला आणि गुडघ्याखालची दोन्ही हाडं मोडली. चालक शेजारच्याच गावचा पोरगा होता. त्याला नीट उभंही राहता येत नव्हतं.

मी गोरेगाव तालुक्यात राहते. शिलाईकाम करते, रोवणी-कापणीच्या दिवसांत बांधीतही उतरते. शिलाई मशीन पायाची आहे आणि रोवणी चिखलात वाकून करायची असते. पाय गेला म्हणजे माझी दोन्ही कामं गेली.

पायात रॉड टाकून घरी आले, तेव्हा त्या पोराचे वडील गावातल्या चार वडीलधाऱ्यांना घेऊन आले. हात जोडून म्हणाले, "बाई, पोरगा चुकला. मालक त्याला कामावरून काढील. पन्नास हजार देतो जी, मिटवून टाका." माझे सासरे भले माणूस, त्यांचं मन विरघळलं. मला त्या म्हाताऱ्याचा राग आला नाही, त्यांचं दुःख खरंच होतं. पण पन्नास हजार हा आकडा कुठून आला, हे त्या बैठकीत कोणीच विचारलं नाही. माझ्या पायाची, माझ्या पुढच्या वर्षांची किंमत कोणी मांडलीच नव्हती. ती कशी मांडतात, हे मला नंतर कळलं. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यानं ज्याला जायबंदी केलं आहे, त्याच्या घरात हे माहीत असायला हवं, म्हणून लिहिते आहे.

दोन वेगळ्या वाटा

गोंदियाच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मला एक वकीलताई मिळाल्या. विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार बाईला, मग तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातीच्या आणि अपंग माणसांनाही मिळतो. ताईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं, "अपघाताच्या दोन वाटा असतात. त्या एकत्र करायच्या नाहीत."

पहिली वाट शिक्षेची. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं, तर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. त्याशिवाय भारतीय न्याय संहितेचं कलम १२५ आहे. निष्काळजीपणानं गंभीर दुखापत केली, तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण यातला दंड सरकारच्या तिजोरीत जातो. जखमी माणसाचं दवाखान्याचं बिल त्यातून भागत नाही.

दुसरी वाट भरपाईची. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करायचा. अपघात झाला तिथे, आपण राहतो तिथे किंवा समोरचा राहतो तिथे, कुठल्याही ठिकाणी तो करता येतो. आमच्या जिल्ह्याची हद्द एका बाजूला मध्य प्रदेशातल्या बालाघाटला आणि दुसऱ्या बाजूला छत्तीसगडला लागून आहे. देवरीच्या पुढे महामार्गावर अपघात झालेल्या माणसाला दाव्यासाठी छत्तीसगडात खेटे घालावे लागत नाहीत, हे म्हणूनच कळून ठेवावं.

दावा चालक, मालक आणि विमा कंपनी या तिघांवर असतो. प्रत्येक गाडीला तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा आहे आणि भरपाई बहुधा त्यातूनच येते. म्हणजे दावा केला की त्या म्हाताऱ्याची बांधी विकली जाईल, ही आमच्या घरातली भीती बरीचशी चुकीची होती. भरपाई म्हणजे सूड नव्हे, हे माझ्या सासऱ्यांना पटलं ते इथे.

विमा कंपनी काय म्हणते

तरीही दारूचा मुद्दा आला की कंपनी हात झटकू पाहते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ एप्रिल २०२२ पासून, चालक नशेत होता हा बचाव तिला कायद्यानंच दिला आहे. माझ्या दाव्यातही कंपनीनं तोच घेतला. आमच्या घरात सगळ्यांचे चेहरे उतरले. चालकानं दारू प्यायली म्हणून जखमी बाईला पैसे नाहीत, हा कुठला न्याय?

ताईंनी केरळ उच्च न्यायालयाचा जानेवारी २०२३ चा निकाल दाखवला. चालक नशेत होता तरी तिऱ्हाईत जखमीला कंपनीनं आधी भरपाई द्यावी आणि मग ती मालक-चालकाकडून वसूल करावी, असं त्यात म्हटलं आहे. परवान्याच्या भांडणात 'आधी द्या, मग वसूल करा' हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयानं २००४ सालीच स्वर्णसिंग प्रकरणात मान्य केलं होतं. माझ्या दाव्यातही न्यायाधिकरणानं तेच केलं. मला पैसे कंपनीनं द्यायचे आणि मालकाकडून तिनं ते परत मिळवायचे, असा आदेश झाला.

गाड्यांच्या मालकांना माझं इथे मनापासून सांगणं आहे. प्यायलेल्या माणसाच्या हाती किल्ली दिली, तर ती वसुली तुमच्या दारात येते.

आणखी एक गोष्ट मला धीर देऊन गेली. दाव्यात नशा सिद्ध व्हावीच लागते असं नाही, निष्काळजीपणा सिद्ध व्हावा लागतो. तोही फौजदारी खटल्यासारखा संशयातीत नव्हे. जास्त शक्यता कशाची, एवढंच न्यायाधिकरण पाहतं. सर्वोच्च न्यायालयानं २००९ साली बिमला देवी प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे. रक्ताचा अहवाल उशिरा आला, बिघडला, किंवा चालक फौजदारी खटल्यात सुटला, तरी तेवढ्यानं दावा बुडत नाही.

पण म्हणून अहवालाकडे दुर्लक्ष करू नये. कलम १८५ खाली अटक झालेल्या चालकाची दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी व्हावी, असं कायदा सांगतो. १९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरला भरधाव मोटारीनं दोन तरुणांचा जीव घेतला. पुढे रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयाच्या डॉक्टरांना अटक झाली. नमुना कधी घेतला आणि कोणी घेतला, हे घरच्या एका शहाण्या माणसानं त्याच रात्री विचारून लिहून ठेवावं.

पहिले दिवस कागदांचे

अपघातानंतर पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. सर्वोच्च न्यायालयानं गोहर मोहम्मद प्रकरणात १५ डिसेंबर २०२२ ला तसे आदेश दिले. हा अहवालच दावा म्हणून धरता येतो. ठाण्यात जाऊन "आमचा अपघात अहवाल न्यायाधिकरणाकडे गेला का?" एवढं विचारायला कोणाची परवानगी लागत नाही.

दाव्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. या मुदतीच्या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे, पण त्याच्या भरवशावर कोणी थांबू नये. पंचांच्या बैठका, पुढची तारीख, पुढचा वायदा यातच हे महिने निघून जातात.

मी हे कागद जमवले: प्राथमिक माहिती अहवाल, घटनास्थळ पंचनामा, गाडीच्या विम्याची आणि नोंदणीची प्रत, दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, प्रत्येक औषधाचं बिल, नागपूरला तपासायला जाण्याचं गाडीभाडं, अपंगत्वाचा दाखला. दवाखान्यात असताना एक अनोळखी माणूस कोरा वकीलनामा घेऊन सहीसाठी आला होता. "सगळं आम्ही पाहू" म्हणाला. जाऊबाईंनी त्याला बाहेर काढलं. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कधीच देऊ नये.

उपचारासाठी मे २०२५ पासून केंद्राची एक योजना लागू आहे. अपघातापासून सात दिवसांपर्यंत, १.५ लाख रुपयांपर्यंतचा उपचार ठरलेल्या रुग्णालयांत पैसे न भरता होतो. माझ्या वेळी ती नव्हती. घरचे दागिने गहाण पडले. गाडी ठोकून पळून गेली आणि सापडलीच नाही, तर वेगळी तरतूद आहे: मृत्यूला दोन लाख, गंभीर दुखापतीला ५०,००० रुपये. त्याचा अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांकडे करायचा.

पायाची किंमत कशी मांडतात

माझ्या दाखल्यावर उजव्या पायाचं ३५ टक्के अपंगत्व लिहिलं होतं. पण शरीराचे टक्के आणि कमाईचे टक्के वेगळे असतात. सर्वोच्च न्यायालयानं २०१० साली राजकुमार विरुद्ध अजय कुमार प्रकरणात हे फार सोपं करून सांगितलं आहे. सुताराचा हात गेला तर त्याचं काम संपतं, कारकुनाचा तसाच हात गेला तर त्याची नोकरी टिकू शकते. म्हणून माणूस काय काम करतो, हे पाहायचं.

उलटतपासणीत कंपनीच्या वकिलांनी मला विचारलं, "मशीनला विजेची मोटार लावली तर?" मी सांगितलं, "साहेब, गुडघा वाकत नाही, स्टुलावर बसून राहता येत नाही. आणि रोवणीला कोणती मोटार लावू?" न्यायाधिकरणानं माझ्या कमाईचं नुकसान ४० टक्के धरलं.

कमाई सिद्ध करणं अवघड होतं. पगारपत्रक कुठून आणणार? मी मापांची वही दिली. कोणाचा ब्लाउज, किती पैसे, सगळं तारखेनिशी तिच्यात होतं. शाळेच्या गणवेशाच्या शिलाईचं बिल दिलं, बचत गटाचं पासबुक दिलं. दोन गिऱ्हाइकं साक्षीला आली. महिन्याला १२,००० रुपये धरले गेले.

पुढचा हिशेब असा. वर्षाचे १,४४,०००. स्वतःचं काम करणाऱ्या चाळिशीच्या आतल्या माणसाची कमाई पुढे वाढणार, म्हणून त्यात ४० टक्के भर: २,०१,६००. त्याच्या ४० टक्के नुकसान, म्हणजे वर्षाला ८०,६४०. मग वयाप्रमाणे गुणक. ३१ ते ३५ वयाला तो १६ आहे, सर्वोच्च न्यायालयानं २००९ च्या सरला वर्मा प्रकरणात ठरवून दिलेला. मी ३४ वर्षांची होते. गुणाकार १२,९०,२४०. याशिवाय उपचाराचा खर्च, वेदना, पुढची शस्त्रक्रिया, सांभाळणाऱ्या माणसाचा खर्च वेगळा मिळतो आणि रकमेवर व्याजही मिळतं.

आता पन्नास हजार आठवा.

घर सांभाळणाऱ्या बाईचं काम शून्य धरू नये, हेही सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२१ च्या कीर्ती प्रकरणात बजावलं आहे. "ती तर घरीच असते" म्हणून कोणी बाईचा दावा सोडून देऊ नये.

लोकअदालतीत तडजोड करता येते, लवकर पैसे मिळतात. तिथल्या निवाड्यावर अपील नसतं. म्हणून आधी वकिलाकडून असा हिशेब कागदावर घ्यावा आणि मगच आकडा ऐकावा.

गावानं काय करावं

२९ नोव्हेंबर २०२४ ला गोंदिया-कोहमारा मार्गावर शिवशाही बस उलटून ११ प्रवाशांचा जीव गेला. मृतांच्या वारसांना दहा लाखांची मदत जाहीर झाली. ती व्हायलाच हवी होती. पण रस्त्याच्या कडेला एकट्या सापडलेल्या बाईसाठी कोणी मदत जाहीर करत नाही. तिला स्वतःच मागावं लागतं आणि मागण्याची ताकद तिला गाव देऊ शकतं.

मिटवायला येणारे चार वडीलधारे वाईट नसतात. गावात भांडण राहू नये, एवढीच त्यांची इच्छा असते. त्यांना माझी विनंती आहे. काकाजी, तुमचा शब्द गाव मानतं, तो दुसऱ्या कामाला लावा. जखमीला दवाखान्यात न्या. मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे, पोलीस नाव सांगायची सक्ती करू शकत नाहीत. गाडीचा नंबर लिहून घ्या. चालक कसा उभा होता, कसा बोलत होता, हे तुम्ही पाहिलं असेल तर साक्षीला या. माझ्या बाजूनं साक्ष द्यायला जो माणूस आला, तो मिटवायला आलेल्या चौघांपैकीच एक होता. तो त्या पोराच्या नात्यातला आहे. साक्ष दिल्यावरही त्यांचं येणंजाणं सुरू आहे आणि त्या पोराच्या वडिलांचं माझ्याशी बोलणंही सुरू आहे. खरं सांगितल्यानं आमचं गाव तुटलं नाही.