हंस हातीं धरावा कसा?

नलराजानें उपवनांतील हंस हातीं धरला आणि मग दया येऊन सोडून दिला, ही महाभारतांतील कथा रघुनाथ पंडितानें मराठींत रंगविली, तेव्हांपासून ती आमच्या घराघरांत ठाऊक आहे. परंतु राजानें तो हंस धरला कसा, ह्याचा विचार बहुधा कोणी करीत नाहीं. आम्हांसही तो कधीं सुचला नव्हता. पुढें आमच्याच परसांत खरोखरीचा हंस आला व त्याच्या पायांत कांटा मोडला, तेव्हां हा प्रश्न काव्याचा न राहतां घरगुती झाला.

आमचें गांव जळगांव जामोद. खानदेशांतील जळगांव तें निराळें. हें बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशीं वसलेलें. येथल्या जुन्या घरांना मागें परस असतें, आणि परसांत बाभळीचा कांटाही असतोच. मुलांच्या हौसेखातर हंसांची एक जोडी आम्हीं पाळली. हे पाळीव हंस रानहंसांचेच वंशज; कांहींचा मूळपुरुष कलहंस, तर चोंचीच्या मुळाशीं गांठ असलेल्यांचा चीनकडील रानहंस. हिंवाळ्यांत आपल्या जलाशयांवर उतरणारा पट्टकादंब मात्र धरूं नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें तो गुन्हा आहे. येथें लिहिणें आहे तें केवळ पाळीव हंसांविषयीं.

नर लंगडूं लागलेला पाहून आम्हीं धांवत जाऊन त्याचा एक पंख पकडला, आणि तो फडफडूं नये म्हणून त्यास उराशीं घट्ट आवळलें. क्षणभरांत त्याची धडपड थांबली. “झाला हो शांत!” आम्ही समाधानानें म्हणालों. “शांत कसला? अहो, त्याची चोंच पाहा. गुदमरतो आहे तो!” असें म्हणून आमच्या सौ.नें आमचे हात सोडविले. चोंच उघडी होती, डोळे अर्धवट मिटले होते. जमिनीवर ठेवल्यावर थोड्या वेळानें तो सांवरला. आम्हांस सांवरावयास मात्र अधिक वेळ लागला.

कारण मागाहून कळलें, तें असें. माणसाच्या छातीखालीं श्वासपटल असतें, पक्ष्यास तसें नसतें. त्याच्या उराचें हाड खालीं-वर हालतें, आणि त्या योगें भात्याप्रमाणें हवा आंत-बाहेर होते. तें हाड दाबून धरलें, कीं नाक उघडें असूनही श्वास कोंडतो. म्हणून सर्व नियमांचा नियम एकच: पंख आवरावे, ऊर मोकळें ठेवावें.

आतां रीत सांगतों. प्रथम साहित्य हाताशीं असावें: जुना मऊ पंचा, उकळून कोमट केलेलें मिठाचें पाणी, स्वच्छ कापूस, चिमटा, कात्री. माणसें दोन हवींत; एकानें धरावें, दुसऱ्यानें काम करावें. मुलांस दूर ठेवावें, कारण हंसाच्या पंखाचा तडाखा मोठ्या माणसाच्या हातावरही काळानिळा वळ उठवितो.

हंसामागें धांवूं नये. तो थव्यानें चालणारा पक्षी; दोन्ही हात पसरून सावकाश गेलें, कीं जोडी आपण होऊन पुढें सरकते. तिला कोपऱ्याकडे वळवावें, पण जोडीदारास दृष्टीआड करूं नये. एकटा पडलेला हंस अधिक घाबरतो. पायांस धरून उचलूं नये; ४ ते ६ किलोच्या देहाच्या ओढीनें ते दुखावतात. एका पंखास धरूं नये, सांधा निखळतो. एका हातानें मान न आवळतां धरावी आणि त्याच क्षणीं दुसरा हात अंगाखालीं घालून सर्व भार त्यावर घ्यावा. मग त्यास बगलेंत असा घ्यावा, कीं त्याचें डोकें आपल्या पाठीकडे जाईल, पंख आपल्या कोपराखालीं मिटलेले राहतील आणि पाय तळहातांत येतील. चोंच मागें गेल्यानें आपले डोळे व चष्मा सुरक्षित राहतात. शेपटी पुढें येते व तिकडून कधीं प्रसादही मिळतो. पण तो धुतां येतो. पंचा पाठीवरून पंखांवर घातल्यास फडफड कमी होते. तो उराभोंवतीं आवळूं मात्र नये.

कांटा वरवर असेल तर चिमट्यानें सरळ ओढून जागा मिठाच्या पाण्यानें धुवावी. तळव्यास सूज व काळी खपली दिसली, तर घरचे लेप न लावतां पशुवैद्यास दाखवावें. उडूं नये म्हणून पिसें कापावयाचीं तर एकाच पंखाचीं, पूर्ण वाढलेलीं लांब पिसें कापावीं. ज्याची दांडी अजून निळसर काळी आहे, त्यांत रक्त खेळत असतें. त्यास कात्री लावूं नये.

आमच्याकडे वैशाखांत पारा ४० अंशांवर जातो, आणि पक्ष्यास घाम येत नाहीं. म्हणून हें काम सकाळच्या गारव्यांत, थोड्या मिनिटांत उरकावें. धाप लागली किंवा मान लुळी पडूं लागली, तर काम अर्धें टाकून त्यास सावलींत सोडावें. कांटा उद्यांही निघेल. शेवटीं हात साबणानें धुवावे. २००६ सालीं नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें पक्ष्यांच्या इन्फ्लुएंझाची जी सांथ आली, ती विसरण्याजोगी नाहीं; पक्षी एकाएकीं मरूं लागले तर त्यांस हात न लावतां पशुसंवर्धन खात्यास कळवावें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं सौ.नें हंस धरला आणि आम्हीं कांटा काढला. सोडतांना तिनें त्याचे पाय आधीं जमिनीस टेकूं दिले, मग पंख सैल केले. त्यानें पिसें झाडलीं, आमच्याकडे मान लांब करून एक फूत्कार टाकला आणि तो आपल्या जोडीदारिणीकडे गेला. नलाच्या हंसानें दमयंतीपाशीं राजाचे गुण गाऊन उपकार फेडले. आमच्या हंसानें आठ दिवस आमच्या हातचा दाणा घेतला नाहीं. पण चालत मात्र होता अगदीं सरळ.