इंटरनेटवरील वंशद्वेषी भाषा आणि किशोरवयीनांचे उत्तरदायित्व

प्रस्तावना :

किशोरवयात उच्चारलेला अपशब्द पूर्वी वर्गात, वसतिगृहात किंवा मैदानावर विरून जात असे. ज्याला उद्देशून तो उच्चारला गेला त्याच्या मनात तो राहत असे. बोलणाऱ्याच्या नावावर मात्र त्याची नोंद होत नसे. समाजमाध्यमांमुळे ही स्थिती पालटली आहे. सोळाव्या किंवा अठराव्या वर्षी लिहिलेली ओळ आज दहा वर्षांनंतरही तारीख-वेळेसह सापडते आणि प्रवेश, नोकरी वा प्रतिष्ठा यांवर परिणाम करू शकते. अशा लेखनाचे परिणाम व्यक्तीने आयुष्यभर भोगावेत काय, हा प्रश्न म्हणूनच शिक्षणक्षेत्रापुढे उभा राहिला आहे. वंश, वर्ण, जन्मस्थान किंवा समूह यांवरून एखाद्यास हीन लेखणारी भाषा, या अर्थाने 'वंशद्वेषी भाषा' ही संज्ञा येथे वापरली असून प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

क्रिकेटमधील दोन उदाहरणे :

२ जून २०२१ रोजी इंग्लंडचा वेगवान गोलंदाज ऑली रॉबिन्सन याने लॉर्ड्स मैदानावर न्यूझीलंडविरुद्ध कसोटी पदार्पण केले. त्या दिवशी इंग्लंडच्या खेळाडूंनी भेदभावविरोधी संदेश असलेले सदरे परिधान केले होते. त्याच दिवशी रॉबिन्सनने २०१२ व २०१३ मध्ये, वयाच्या अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी, ट्विटरवर केलेली वंशद्वेषी व स्त्रियांचा अवमान करणारी विधाने उजेडात आली. त्याने त्याच सायंकाळी जाहीर क्षमायाचना केली. सामन्यात त्याने सात बळी घेतले. तरीही सामना संपताच इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने त्याला आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून निलंबित केले. निलंबन अवाजवी असल्याचे मत खुद्द ब्रिटिश सरकारमधून व्यक्त झाले. पुढे शिस्तपालन समितीने आठ सामन्यांची बंदी व ३,२०० पौंड दंड अशी शिक्षा ठरविली. बंदीपैकी पाच सामने दोन वर्षांसाठी स्थगित ठेवण्यात आले आणि उरलेले तीन तोपर्यंत भोगून झाले होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लीड्स येथील कसोटीत भारताच्या दुसऱ्या डावात पाच बळी घेऊन तो सामनावीर ठरला.

दुसरे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. यॉर्कशायर क्लबमध्ये आपण वंशद्वेष सोसल्याची साक्ष अझीम रफीक याने नोव्हेंबर २०२१ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे दिली. त्यानंतर दोनच दिवसांत त्याने स्वतः २०११ मध्ये पाठविलेले ज्यूद्वेषी संदेश प्रकाशात आले. त्याने ते नाकारले नाहीत. त्याने ज्यू समाजाची क्षमा मागितली, नाझी वंशसंहारातून वाचलेल्या एका वृद्ध व्यक्तीची भेट घेतली आणि २०२२ मध्ये मंडळाने दिलेली ताकीद स्वीकारली. पीडित व अपराधी अशी दोन कायमची माणसे नसतात, एकाच व्यक्तीच्या वाट्यास दोन्ही भूमिका येऊ शकतात, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

दोन्ही ठिकाणी कृत्याकडे दुर्लक्ष झाले नाही. परंतु परिणामास मोजमाप होते, मुदत होती आणि परतीची वाटही मोकळी होती.

कायद्याची दृष्टी :

अपरिपक्व वयातील कृत्यावरून व्यक्तीच्या स्वभावाचा कायमचा निवाडा करू नये, हे तत्त्व अनेक देशांच्या कायद्यांत रुजलेले आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये 'रोपर विरुद्ध सिमन्स' खटल्यात अल्पवयीन गुन्हेगारांस देहान्त शिक्षा घटनाबाह्य ठरविली. या वयात विवेक अपुरा असतो, सोबत्यांचा दबाव अधिक जाणवतो आणि चारित्र्य घडण्याच्या अवस्थेत असते, अशी कारणे न्यायालयाने दिली. खुनासारख्या अपराधात जे ग्राह्य मानले गेले, ते शब्दांच्या अपराधात विचारातच घेऊ नये, असे म्हणणे तर्कसंगत ठरणार नाही.

भारतात बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम २४ नुसार, कायद्याशी संघर्षात आलेल्या बालकास दोषसिद्धीमुळे कोणतीही अपात्रता येत नाही आणि विहित मुदतीनंतर त्याचे अभिलेख नष्ट करावयाचे असतात. सोळा वर्षांवरील मुलांनी केलेल्या अतिगंभीर गुन्ह्यांचा काय तो अपवाद आहे. गोपनीयतेविषयीच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निवाड्यात न्या. संजय किशन कौल यांनीही बालवयातील चुकांचे परिणाम मुलांना जन्मभर भोगावे लागू नयेत, अशी भूमिका मांडली.

येथे एक विसंगती लक्षात येते. न्यायालयाचे अभिलेख मुदतीनंतर नष्ट होतात; इंटरनेटवरील प्रतींस मात्र मुदत नसते. कॅलिफोर्निया राज्याने २०१५ पासून अल्पवयीनांना स्वतः टाकलेला मजकूर काढून टाकण्याचा हक्क दिला. तथापि इतरांनी केलेल्या प्रतींना तो लागू होत नाही. म्हणजे शिक्षेचा कालावधी न्यायाधीश वा शिक्षक ठरवीत नसून यंत्राची साठवणूक ठरवीत आहे. अपराध किती गंभीर होता, यापेक्षा त्याची प्रत कोणी जपून ठेवली यावर व्यक्तीचे भवितव्य अवलंबून राहते. यास न्याय म्हणता येणार नाही.

दुखावलेल्यांची बाजू :

असे असले, तरी 'मुलेच ती, चुकायचीच' हे उत्तरही पुरेसे नाही. कॅलिफोर्नियातील आल्बनी येथील शाळेत २०१७ मध्ये काही विद्यार्थ्यांचे खासगी इन्स्टाग्राम खाते उघडकीस आले. त्यात कृष्णवर्णीय सहाध्यायांची छायाचित्रे आणि फाशीच्या दोराची सूचना देणारी चित्रे होती. अमेरिकेच्या इतिहासात कृष्णवर्णीयांना जमावाने फासावर लटकविल्याच्या घटना पाहता त्या चित्रांचा अर्थ उघड होता. ज्यांना लक्ष्य करण्यात आले त्यांचा अभ्यास व शाळेतील वावर विस्कटला. लेखन शाळेबाहेरचे व खासगी होते, असा युक्तिवाद झाला. तरी २०२२ मध्ये अपील न्यायालयाने शाळेची शिस्तभंगाची कारवाई वैध ठरविली. त्याआधी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मात्र, शाळेबाहेरून शाळेविषयी केवळ शिवराळ मजकूर लिहिणाऱ्या विद्यार्थिनीच्या बाजूने निकाल दिला होता. दोहोंतील भेद स्पष्ट आहे. संस्थेवर काढलेला राग एक, विशिष्ट सहाध्यायांना माणूसपणातून वगळणे दुसरे.

लिहिणाऱ्याच्या भविष्याची चिंता वाहताना, ज्याच्याविषयी लिहिले त्याचेही वय तेवढेच असते, हे विसरता कामा नये. त्याच्या आठवणींस कोणतेही कलम लागू नाही.

आपल्या महाविद्यालयांपुढील प्रश्न :

हा विषय परदेशापुरता मर्यादित नाही. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत अरुणाचल प्रदेशातील एका तरुण विद्यार्थ्यास त्याच्या दिसण्यावरून डिवचण्यात आले आणि मारहाणीनंतर त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर ईशान्य भारतातील नागरिकांच्या प्रश्नांसाठी बेझबरुआ समिती नेमण्यात आली. विद्यापीठ अनुदान आयोगाने आपल्या २००९ च्या रॅगिंगविरोधी विनियमांत २०१६ मध्ये दुरुस्ती करून वर्ण, वंश, धर्म, जात, प्रादेशिक मूळ, भाषा इत्यादींवरून केलेला शारीरिक वा मानसिक छळ रॅगिंगच्या व्याख्येत समाविष्ट केला. त्यामुळे वसतिगृहाच्या व्हॉट्सअॅप गटातील जातिवाचक किंवा वंशवाचक शिवी हा केवळ विद्यार्थ्यांचा आपसातील मामला राहिलेला नाही.

या विनियमांतील शिक्षांना श्रेणी आहे. वर्गातून निलंबन, परीक्षेस मनाई, एक ते चार सत्रांसाठी निष्कासन अशा पायऱ्या असून कायमच्या निष्कासनानंतर अन्यत्र प्रवेशास असलेली बंदीही ठरावीक काळापुरतीच असते. मात्र रॅगिंगसाठी शिक्षा झाली असल्यास तशी नोंद स्थलांतर प्रमाणपत्रावर करण्याची तरतूदही त्यांत आहे. म्हणजे कायमस्वरूपी परिणामाचा प्रश्न शेवटी प्राचार्यांच्या स्वाक्षरीपाशीच येऊन थांबतो. आपल्या वर्गात सतरा व एकोणीस वर्षांचे विद्यार्थी शेजारी बसतात. एकास बाल न्याय अधिनियमाचे संरक्षण आहे, दुसऱ्यास नाही. मनाची घडण मात्र दोघांचीही अपुरीच असते.

या परिस्थितीत शिस्तपालन समितीने निर्णयापूर्वी काही गोष्टी तपासणे अगत्याचे वाटते : मजकूर कोणा एका व्यक्तीस उद्देशून होता काय; तो एकदाच घडला की वारंवार; लिहिणाऱ्याने तो मान्य केला काय; आणि दुखावलेल्या विद्यार्थ्यास काय हवे आहे, हे त्यालाच विचारले गेले काय. शेवटची बाब बहुधा राहून जाते. क्षमापत्र प्राचार्यांच्या नावे लिहून घेतले जाते, ज्याचा अवमान झाला त्यास ते दाखविलेही जात नाही. समोरासमोर क्षमायाचनाही त्याची संमती असेल तरच व्हावी. अन्यथा तो दुसरा अवमान ठरेल.

समारोप :

सारांश, किशोरवयीनांच्या वंशद्वेषी भाषेस परिणाम असलेच पाहिजेत आणि ते जाणवतील इतके असले पाहिजेत. परंतु त्यांची मुदत झालेल्या हानीवरून व पुढील वर्तनावरून ठरावी, यंत्राच्या स्मरणशक्तीवरून नव्हे. शिक्षणसंस्था माणूस बदलू शकतो या गृहीतकावरच उभी असते. ते गृहीतक सोडून दिल्यास शिक्षेचा अधिकार उरेल, शिकविण्याचा उरणार नाही. त्याचबरोबर अपमानित विद्यार्थी त्याच वर्गात निर्धास्तपणे पुन्हा बसू शकला की नाही, हीच त्या शिक्षेच्या यशाची खरी कसोटी होय.